मास्तरांच्या आजोबांचा जबाब

"बशीरभाई, मास्टरजी उठते नहीं," मास्तरांच्या खोलीवर राहणारा वर्गीस फोनवर म्हणाला. रविवार होता, सकाळचे सव्वासात वाजले असतील. मी शारजातल्या हमरिया फ्री झोनच्या गेटबाहेर गाड्यांच्या रांगेत उभा होतो. मी म्हणालो, "सोने दो ना, कल बहुत थके थे." मग वर्गीसने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी हळू, आणि मला कळलं. मागचा ट्रेलर हॉर्न देत होता, गेटवरचा पहारेकरी हाताने "यल्ला, यल्ला" करत होता, आणि मला गाडी पुढे घ्यावी की मागे वळवावी हे सुचत नव्हतं. आदल्याच दिवशी मास्तर एका पॅकिंग लिस्टवरून माझ्याशी भांडले होते. 'फ्रॅजाइल' या शब्दाचं रशियन मी चुकीचं छापून घेतलं होतं. "शब्द हा काचेच्या भांड्यापेक्षा नाजूक, बशीर," असं काहीतरी म्हणून त्यांनी सगळी लेबलं काढायला लावली. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

त्याला आता सहा आठवडे झाले. मला लिहायची सवय नाही, मी कार्गोच्या धंद्यातला माणूस. पण या सहा आठवड्यांत मला स्वस्थ बसवत नाही. जेवताना उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. बायको म्हणते, "कुणाला तरी सांगा, नाहीतर लिहून काढा." मास्तरांच्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून राहिलं, आणि त्यांच्या कागदांत एका रकान्यात एक चुकीचा शब्द मी राहू दिला. दोन्ही आता दुरुस्त होणार नाहीत.

त्यांचं नाव सेम्यॉन. मी मास्तर म्हणायचो, कारण ते खरोखरच शाळामास्तर होते. काळ्या समुद्राकाठच्या क्राइमियातल्या एका गावात त्यांनी वीसेक वर्षं इतिहास शिकवला होता. सोव्हिएत युनियन फुटल्यावर शाळेचा पगार यायचा थांबला. तेव्हा शारजा-दुबईत रशियन लोकांची रीघ लागली होती. विमानं भरभरून बायका-पुरुष यायचे, चौकड्यांच्या मोठमोठ्या पिशव्यांत कातडी जाकिटं, टेपरेकॉर्डर, खेळणी कोंबायचे आणि तिसऱ्या दिवशी परत जायचे. आमचे मालक सिंधी. त्यांना गिऱ्हाईक कळायचं, त्याची भाषा कळायची नाही, म्हणून दुभाषा हवा होता. मास्तर मुलाखतीला आले ते पांढऱ्या हाफ शर्टात, खिशाला दोन पेनं, हातात चामडी बॅग. मालकांनी विचारलं, हिंदी येते का? मास्तर उठून उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "मैं आपका यह एहसान ज़िंदगीभर नहीं भूलूँगा." तरुणपणी गावच्या थिएटरात पाहिलेल्या हिंदी सिनेमांवर त्यांची हिंदी पोसलेली. सगळं ऑफिस हसलं. नोकरी पक्की झाली. मी त्यांच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, पण मला त्यांच्या शेजारचं टेबल मिळालं, आणि पुढची दहाएक वर्षं आम्ही असेच शेजारी-शेजारी बसलो. आमचं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत. इथे ते मी माझ्या भाषेत देतोय.

त्यांचे व्हिसाचे कागद भरताना मी हजर होतो. ऑफिसची सरकारी कामं बघणारा मंदूब, अबू सामी, फॉर्म टाइप करत होता. धर्माच्या रकान्याशी आल्यावर त्याने मान वर केली. "रशियन? मसीही?" मास्तर म्हणाले, "तुला सोपं पडेल ते लिही, हबीबी." अबू सामीने 'ख्रिश्चन' टाइप केलं आणि पुढच्या रकान्याकडे गेला. बाहेर येऊन आम्ही सुलेमानी चहा घेतला. मी विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन?"

"नाही."

"मग मुसलमान नाही, हे तर दिसतंय. ज्यू?"

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "याच एका प्रश्नावर माझं सगळं घराणं उभं राहिलं, बशीर," ते म्हणाले, "आणि याच प्रश्नाने बसलंही."

मास्तर कराइम होते. हे नाव मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. क्राइमियातली ही अगदी लहान जमात. त्यांचा धर्मग्रंथ तौरात, म्हणजे मुसा पैगंबरांवर उतरलेला. पण ज्यू लोक त्यानंतरच्या रब्बींचे जे मोठमोठे ग्रंथ मानतात, ते हे मानत नाहीत. घरात बोलायचे ती भाषा तुर्कीच्या जवळची. प्रार्थनेच्या घरात चपला काढून जातात आणि सतरंजीवर गुडघे टेकतात. "म्हणजे आमच्यासारखंच की!" मी म्हणालो. "प्रत्येक जण हेच म्हणतो," मास्तर म्हणाले, "ज्यू म्हणतात आमच्यासारखे, तातार म्हणतात आमच्यासारखे. आम्ही कुणासारखे, हे आम्हालाच शेवटी एका माणसाने सांगितलं." तो माणूस म्हणजे त्यांचे आजोबा.

त्या दिवशी मीही त्यांना आमच्या भागातली एक गोष्ट सांगितली. मी रायगडच्या किनाऱ्यावरचा. आमच्या खाडीपलीकडच्या गावात बेने इस्रायली होते. तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून सगळे त्यांना शनवार तेली म्हणायचे. मास्तर खुर्ची पुढे ओढून बसले. "त्यांना तुमच्या गावाने कधी विचारलं नाही, तुम्ही नक्की कोण?"

"विचारलं असणार ना. ते म्हणाले असतील, आम्ही शनिवारी घाणा चालवत नाही. गाव म्हणालं असेल, बरं, मग रविवारी तेल द्या."

मास्तर इतके हसले की बाजूच्या टेबलावरचे पठाण वळून बघायला लागले. त्यांनी मला 'शनवार तेली' हे शब्द आपल्या डायरीत देवनागरीत लिहायला लावले. मग डायरी मिटून म्हणाले, "एवढंच? बस?... आजोबांना असं गाव मिळालं नाही."

आजोबांची गोष्ट त्यांनी एका बैठकीत कधीच सांगितली नाही. आम्हाला आठवड्यातून दोनदा शारजाहून दुबईतल्या अल क्वोजच्या गोडाउनला जावं लागे. ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की मास्तर थोडं सांगायचे, गाडी सुटली की थांबायचे. म्हणून ती गोष्ट मला अजून सिग्नलांच्या तुकड्यांत आठवते.

आजोबांच्या तरुणपणी रशियात झारचं राज्य होतं. ज्यूंवर जाचक कायदे होते, कुठे राहायचं, काय शिकायचं, सगळ्यावर बंधनं. कराइमांतल्या शहाण्यासुरत्या लोकांनी सरकारला पटवायला सुरुवात केली होती की आम्ही त्यांच्यातले नाही. आजोबा राजधानीत जाऊन पौर्वात्य भाषा शिकून आले आणि या कामाला लागले. त्यांच्याहून मोठे विद्वानही हेच लिहीत होते, आजोबा एका गावापुरते. पण गावापुरते ते सर्वस्व होते. म्हाताऱ्यांकडून अंगाईगीतं गोळा केली, म्हणी टिपून घेतल्या, पदार्थांची नावं लिहून काढली, जुन्या कब्रस्तानात दिवसचे दिवस बसून थडग्यांवरची अक्षरं वाचली. आणि पुस्तक लिहिलं, की कराइम हे रक्ताने तुर्की, धर्माने मुसाचे, पण ज्यू नव्हेत. एक स्वतंत्र राष्ट्र. लोकांना ते फार आवडलं. बायकांनी जुने पोशाख पेटीतून काढले, पोरं नाच शिकली, ज्यांना आपण कोण हे सांगताना आजवर जीभ अडखळायची ते ताठ चालायला लागले. "लोकांना इतिहास आवडत नाही, वंशावळ आवडते," मास्तर म्हणायचे. पुढे आजोबांनी प्रार्थनेच्या पुस्तकातले हिब्रू शब्द एकेक करून काढले आणि तुर्की घातले. बाहेरच्या विद्वानांनी त्यांच्यावर तुटून पडणारे लेख लिहिले, लबाड म्हटलं. मी विचारलं, "खरंच लबाडी होती?" मास्तर सिग्नलकडे बघत म्हणाले, "थडग्यावर जिथे अक्षर स्पष्ट होतं, तिथे आजोबांनी बरोबर वाचलं. जिथे पुसट होतं, तिथे त्यांना हवं ते दिसलं. पुसट बरंच होतं."

मग लढाई आली, जर्मन आले. ज्यूंना शोधून काढून मारत होते, हे वाचकांना मी सांगायला नको. गावातल्या कराइमांना बोलावून विचारलं, तुम्ही कोण? आजोबांनी आपलं पुस्तक पुढे ठेवलं आणि लेखी जबाब दिला. मास्तर इतिहासाचे शिक्षक, त्यामुळे दर वेळी बजावायचे की जर्मनांनी आणखीही वरच्या ठिकाणी चौकशी केली होती, निकाल काही एकट्या आजोबांच्या कागदावर लागला नाही. पण गावाची समजूत तीच. त्या कागदाने आपल्याला वाचवलं. कराइमांना हात लागला नाही. मास्तरांची आई तेव्हा लहान मुलगी होती. ती वाचली, म्हणून पुढे मास्तर जन्मले.

इथपर्यंत ऐकल्यावर मी म्हणालो होतो, "मग तर आजोबा मोठा माणूस. चार अक्षरं इकडची तिकडे झाली म्हणून काय?"

मास्तरांनी काचेबाहेर बघितलं. पुढचा तुकडा यायला मला तीन-चार महिने थांबावं लागलं.

त्या गावात आणखी एक लहानशी जमात होती, क्रिमचाक. तेही तौरातवाले, बोली तीच, अंगाईगीतं तीच, फक्त ते रब्बींचं मानायचे. आजोबांच्या शेजारी याकोव नावाचा क्रिमचाक चांभार राहायचा. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत. जबाब संपल्यावर जर्मन अधिकाऱ्याने आजोबांना आणखी एक प्रश्न विचारला, की हे क्रिमचाक तुमच्यासारखंच बोलतात, तुमच्यासारखंच खातात, मग हे कोण? आजोबांनी लिहिलं, 'ते आमच्यापैकी नाहीत.' थोड्याच दिवसांत क्रिमचाकांना गावाबाहेर नेलं. याकोव, त्याची बायको, मुलं... कुणी परतलं नाही.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"आजोबांनीच. त्यांची एक वही होती. आजी वारल्यावर तिच्या पेटीत सापडली. माझी बहीण जाळायला निघाली होती, मी इकडे घेऊन आलो." मग म्हणाले, "ते वाक्य खरं होतं, बशीर, हीच अडचण आहे. जो माणूस आयुष्यभर पुसट अक्षरांत हवं ते वाचत आला, त्याने त्या एका दिवशी अगदी स्वच्छ, खरं वाक्य लिहिलं. तिथे थोडं खोटं लिहायचं ना! सगळ्यांना एकाच ओळीत तुर्की करून टाकायचं! जमलं नसतं कदाचित. सगळेच मेले असते कदाचित. पण वहीत ते हेच लिहितात, की मला ते सुचलंच नाही. इतकी वर्षं 'आम्ही वेगळे, आम्ही वेगळे' म्हणत होतो, की त्या दिवशी दुसरं काही सुचलंच नाही."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

आता माझी एक गोष्ट, लाज वाटते तरी सांगतो. त्याच सुमारास शारजातल्या आमच्या कोकणी मुसलमानांच्या मंडळाची स्मरणिका निघायची होती. अध्यक्ष माझे मामू. ते म्हणाले, "बशीर, तुझं मराठी चांगलं आहे. आपले पूर्वज बसऱ्याहून आले, ते जरा रंगवून लिही. इथले अरब लोक आपल्याला नुसते 'हिंदी' समजतात." माझं आडनाव सुर्वे. बसऱ्याचा आणि सुर्व्यांचा मेळ मलाही बसवता येत नव्हता. कोकणात व्यापाराला अरब आले होते, हे तर खरंच. पण आमचंच घराणं त्यातलं, याला पुरावा काही नव्हता, एक शजरा, म्हणजे वंशावळीचा कागद होता, तोही माझ्या आजोबांच्या काळात कुणीतरी उतरवून काढलेला. मी लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, आमच्या खाडीच्या तोंडाशी पहिलं गलबत लागलं तेव्हा समोरच्या टेकडीवर अजान झाली, असंही लिहिलं. ती अजान मी जागेवर बसून रचली. मामूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

स्मरणिका हातात आली तेव्हा मी कौतुकाने मास्तरांना तो लेख वाचून दाखवला, भाषांतर करत करत. अजानीशी आल्यावर ते हसले. "हे कुठे सापडलं?"

"सापडलं नाही. सुचलं."

त्यांचं हसू गेलं नाही, पण तिथेच थबकलं. "छान सुचलंय," ते म्हणाले. "आणि टेकडीवर आधी कोण राहत होतं?"

"कोण म्हणजे? सुर्वे, तांबे, भंडारी, कोळी..."

"ते लेखात नाहीत."

मी चिडलो. म्हणालो, मास्तर, ही स्मरणिका आहे, तुमचा जर्मन अधिकारी इथे नाही. ते लगेच म्हणाले, "माफ कर. खरंच माफ कर. शाळामास्तरची खोड." विषय संपला. दोन वर्षांनी माझ्या मुलीने शाळेच्या प्रोजेक्टमध्ये माझी अजान जशीच्या तशी इंग्रजीत लिहिली. मी म्हणालो, "बेटा, हे पक्कं नाही, हे अब्बांनी मनाने लिहिलंय." ती म्हणाली, "But Abba, it's printed!" मास्तरांना मी हे सांगितलं नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी मास्तरांना गावाहून पत्र आलं. तिथल्या कराइमांनी जुनं प्रार्थनाघर दुरुस्त केलं होतं, शेजारच्या खोलीत छोटं संग्रहालय करायचं होतं, आणि त्याला आजोबांचं नाव द्यायचं होतं. उद्घाटनाला नातवाने यावं, दोन शब्द बोलावेत. तेव्हाच परदेशातल्या एका संशोधक बाईंचंही पत्र आलं होतं, आजोबांचे काही कागद तुमच्याकडे आहेत का म्हणून. मास्तर आठवडाभर दोन्ही पत्रं शर्टाच्या खिशात घेऊन फिरले. मग एके दुपारी ऑफिसात कुणी नसताना वही घेऊन आले आणि म्हणाले, "झेरॉक्स काढायची आहे." आम्ही दोघांनी मिळून काढली. मी पान लावायचो, ते झाकण दाबायचे. रशियन अक्षर मला एकही वाचता येत नाही, पण एका पानावर शाई इतकी दाबून लिहिली होती की मागे उठली होती. मी विचारलं, "हेच?" त्यांनी मान हलवली.

"तिथे वाचणार आहात?"

"माहीत नाही. मुलांना बावीस वर्षं सांगत आलो, कागद लपवायचा नाही. आता स्वतःची वेळ आली."

मी म्हणालो, "मास्तर, नका वाचू. लोक सण करायला जमणार. तुम्ही तिथे जनाजा घेऊन जाऊ नका." मला तेव्हा तेच योग्य वाटलं होतं. आजही कधी वाटतं, कधी नाही.

ते गेले आणि त्यांनी वाचलं. परत आले ते आठ दिवसांनी, विमानतळावर मीच आणायला गेलो. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं. आजोबांच्या फोटोला हार घातला होता, पोरींनी नाच केला, भाषणं झाली. मग मास्तर उठले. पुस्तकाबद्दल चांगलं बोलले, जबाबाबद्दल बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग त्यांनी याकोव चांभाराचं नाव घेतलं आणि ते पान वाचलं. सगळं वाचून होईपर्यंत निम्मी खोली रिकामी झाली होती. बहीण रडत बाहेर गेली, ती पुन्हा त्यांच्याशी बोलली नाही. वही त्यांनी आजोबांच्या फोटोखाली टेबलावर ठेवली, संग्रहालयाची म्हणून. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर ती तिथे नव्हती. कुठे गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"म्हणजे सगळं वायाच," मी म्हणालो.

"एक म्हातारी आली होती," मास्तर म्हणाले. "सगळे गेल्यावर. लढाईत ती नऊ वर्षांची होती. माझा हात धरून म्हणाली, तुझ्या आजोबाने लिहिलं म्हणून मी जगले. त्याने लिहिलं नसतं, तर आज तू वाचलंस ते ऐकायला तरी कुणी उरलं असतं का?... तिला राग नव्हता, बशीर. ती खरंच विचारत होती."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी तिला घरापर्यंत सोडून आलो. वाटेत याकोवच्या घराची जागा लागते. तिने मला दाखवली. मी लहानपणापासून तिथून जात होतो, मला कुणी दाखवली नव्हती."

त्यानंतर ते गावी गेले नाहीत. संशोधक बाईंना त्यांनी झेरॉक्सची झेरॉक्स पाठवली. बाईंनी त्यावर लेख लिहिला, आजोबांना त्यात 'भेसळ करणारा' म्हटलं. तो वाचून मास्तर भयंकर संतापले. ज्यांच्याविरुद्ध स्वतः उभे राहिले त्या आजोबांची बाजू मांडणारं चार पानी उत्तर त्यांनी लिहून काढलं. आजोबा नसते तर आमच्या गावात एक अंगाईगीत उरलं नसतं, आम्ही सगळे नुसते 'सोव्हिएत' झालो असतो, वगैरे. पाठवलं नाही. मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?" ते म्हणाले, "तेच तर. गावात गेलो की याकोवच्या बाजूचा, गावाबाहेर आलो की आजोबांच्या." हे बोलताना ते ऑफिसात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होते. शेवटच्या दोन-तीन वर्षांत ते असेच फेऱ्या मारायचे, गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी.

जाण्याच्या चार-पाच दिवस आधीची गोष्ट. हमरियाच्या यार्डात कंटेनर सील व्हायची वाट बघत आम्ही सावलीत उभे होतो. एकाएकी त्यांनी विचारलं, "बशीर, तू असतास तर काय लिहिलं असतंस?"

मला विचार करावा लागला नाही. "मला दोन मुली आहेत, मास्तर. समोरच्याने जे मागितलं असतं ते लिहून दिलं असतं."

"हो. मीही. पण शेजाऱ्याबद्दल?"

तेवढ्यात सील लावणारा आला. मी त्याच्याकडे वळलो, नंबर तपासला, सही केली, पुन्हा तपासला. खरं तर पहिल्यांदाच नंबर बरोबर होता. परत आलो तेव्हा मास्तर गाडीत जाऊन बसले होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. इन्शाल्ला, उद्या बोलू, असं मनात म्हटलं.

त्यांची मुलगी वेरा तिकडेच असते. तिला इंग्रजी येतं. फोनवर ती फार शांतपणे म्हणाली, "Please send him home." धंदा आमचाच, त्यामुळे सगळे कागद मी केले. आयुष्यात इतक्या मालाची एअरवे बिलं बनवली, पण मालाच्या वर्णनाच्या जागी माणूस पहिल्यांदाच लिहिला. पोलिसांचा कागद, हॉस्पिटलचा कागद, वकिलातीचा कागद. एका खिडकीवरच्या कारकुनाने सगळा गठ्ठा बघून धर्माच्या रकान्यावर बोट ठेवलं. "मसीही. सह?" बरोबर ना? पासपोर्टवरच्या व्हिसात तसं होतं, मृत्यूच्या दाखल्यातही तेच उतरलं होतं. मी म्हणणार होतो, नाही, कराइम. मग तो विचारणार, कराइम म्हणजे काय? मुस्लिम? यहुदी? आणि विमान संध्याकाळचं होतं. एक शब्द बदलला असता तर सगळे कागद पहिल्यापासून. मी म्हणालो, "सह." त्याने शिक्का मारला. "खलास."

'फ्रॅजाइल'चं एक अक्षर चुकलं म्हणून ज्या माणसाने आदल्या दिवशी सगळी लेबलं काढायला लावली, त्याला मी चुकीच्या शब्दाखाली रवाना केलं. सोयीसाठी. बायको म्हणते, त्यांनीच तर सुरुवातीला 'सोपं पडेल ते लिही' म्हटलं होतं. म्हटलं होतं खरं. पण तेव्हा ते जिवंत होते, कधीही जाऊन बदलू शकत होते.

वहीची झेरॉक्स माझ्याकडे आहे. वेराला विचारलं, पाठवू का? ती म्हणाली, "Not now, uncle." गेल्या आठवड्यात मी मामूंकडे गेलो आणि म्हणालो, पुढच्या स्मरणिकेत दुरुस्ती छापू या, की ती अजान मी रचलेली होती, आणि टेकडीवर आधीपासून सुर्वे-तांबे राहत होते, आपण त्यांच्यातलेही आहोत. मामू म्हणाले, "लोकांनी ते पान फ्रेम करून लावलंय रे घरात. आता कशाला?" मी म्हणालो, मी लिहून आणतो, मग बोलू. ते 'हो' म्हणाले नाहीत, 'नाही'ही म्हणाले नाहीत. तो कागद अजून अर्धा लिहून पडलाय.

मास्तरांचं सामान आवरायला त्यांच्या खोलीवर गेलो होतो, तेव्हा वर्गीस मदतीला होता. इतकी वर्षं तो त्यांच्या खोलीतला भागीदार. पुस्तकं बांधता बांधता तो म्हणाला, "एक बात बोलूँ? शुक्रवार शाम को मास्टरजी लाइट नहीं जलाते थे. मैं ड्यूटी से आता तो अंधेरे में बैठे रहते. पूछा तो बोले, आँख को आराम." मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. कराइमांचा जुना नियम मला मास्तरांनीच एकदा सांगितला होता, शुक्रवारचा सूर्य मावळला की शनिवारचा मावळेपर्यंत घरात दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही. सांगितलं होतं ते इतिहास सांगावा तसं, 'जुने लोक पाळायचे' म्हणून. स्वतःबद्दल एक शब्द नाही.

मग मला शनिवार आठवले. ऑफिसची किल्ली दोघांकडेही होती. इतर दिवशी ते माझ्या आधी येऊन बसलेले असत, पण शनिवारी मी पोचलो की ते बंद दारापाशी उभे असायचे. मी दार उघडायचो, ते बाजूला होऊन मला आधी आत जाऊ द्यायचे, आणि मी बटण दाबून दिवे लागले की मगच आत यायचे. मी समजायचो, मोठेपणा देतात.

त्यांच्या जागेवर आता एक उझबेक मुलगी आली आहे. हुशार आहे, रशियन-इंग्रजी दोन्ही बोलते. या शनिवारी मी दार उघडलं, बटणाकडे हात नेला आणि हात तसाच राहिला. ती मागून म्हणाली, "लाइट नो वर्किंग, सर?"

"वर्किंग," मी म्हणालो. "दो मिनट रुको."

आणि आम्ही दोघं दाराशी उभे राहिलो.